मालगाडीचे डबे सगळे सारखे कसे?

काड्यापेट्यांची आगगाडी आपण वर्गात करून घेतो, पण सगळे डबे एकाच मापाचे, एकाच रंगाचे. मला हे पटत नाही. डहाणू रोडच्या पुलावरून मालगाडी बघणाऱ्या मुलांना फरक दिसतो, आपणच तो विचारत नाही.

मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे ऐकूनच मुलं हसतात! उघडी वाघीण कोळशाची. आपल्या औष्णिक वीज केंद्राचा कोळसा रेल्वेनेच येतो. बंद वाघिणीत धान्य, खत, सिमेंट. गोल टाकीत पेट्रोल-डिझेल. खिडक्या बंद केलेला जुना प्रवासी डबा दिसला तर तो एनएमजी, त्यातून मोटारी आणि ट्रॅक्टर जातात.

वाघिणीवर 11 अंकी क्रमांक असतो. त्यातला पाचवा-सहावा अंक बांधणीचं वर्ष सांगतो. 12 असेल तर 2012. वाघिणीचं वय काढा म्हटलं की वजाबाकी आपोआप होते.

"हे अभ्यासक्रमात कुठे आहे?" असं काही जण विचारतात. मापन, वजाबाकी, परिसर अभ्यास, सगळं यातच आहे की. तलासरीत रेल्वे नाही, पण महामार्गावर ट्रेलरवर बांधलेले ट्रॅक्टर दिसतातच. चाकं कशी अडकवलीत तेवढं चित्र काढायला सांगा. विकतचं मॉडेल नको, पुठ्ठा पुरतो.

रुळाजवळ किंवा महामार्गाच्या कडेला मात्र मुलांना नेऊ नका. पुलावरून नाहीतर शाळेच्या आवारातूनच बघा.