कुत्र्यामागून आलेले अस्वल

मागल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा नातू नागपूरला आला होता. दुपारची वेळ, कूलरचा घरघराट, वाळ्याचा वास आणि हातात मोबाइल. एकाएकी तो उठून माझ्या खुर्चीपाशी आला आणि म्हणाला, ''आबा, हे बघा ना!'' पडद्यावर कुठल्याशा गावाचे शिवार होते. मधोमध एक अस्वल, आणि त्याच्या भोवती सात-आठ गावठी कुत्री. अस्वल दोन पायांवर उभे राही, एका कुत्र्याकडे झेपावे, तोच दुसरे मागून लचका तोडे. कडेने पोरे हसत होती, शिट्ट्या वाजवीत होती, ''छू! छू!'' म्हणत होती. चित्रफीत संपली तेव्हा नातवाने विचारले, ''आबा, असं करायला परवानगी असते?''

मी चटकन ''नसते'' म्हणालो. पण माझे ते उत्तर पुरे नव्हते, हे मला ठाऊक होते. कारण या प्रश्नाची एक फाइल माझ्या मनात पस्तीस वर्षांहून अधिक काळ प्रलंबित आहे.

१९८९ च्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा बँकेत अधिकारी होतो आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडल्या, जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा शाखेत माझी बदली झाली होती. एके दिवशी काउंटरशी गलका झाला. डोक्याला पंचा गुंडाळलेला एक माणूस वनखात्याकडून मिळालेल्या मदतीचा चेक खात्यात भरून पैसे काढायला आला होता. तो अंगठेबहाद्दर. अंगठा लावणाऱ्या खातेदाराचा फोटो बँकेत असायचा आणि फोटो पाहूनच पैसे द्यायचे, असा नियम. फोटोतला माणूस धड होता. समोर उभ्या असलेल्या माणसाला एक डोळा नव्हता, नाक जवळजवळ नव्हते, आणि वरचा ओठ टाके घालून कसाबसा जागेवर आणलेला होता. रोखपालाचे म्हणणे नियमाला धरूनच होते : ''साहेब, चेहरा जुळत नाही.''

मी वरच्या कचेरीला पत्र लिहिले. उत्तर आले, नवा फोटो घ्यावा आणि दोन खातेदारांची ओळख घ्यावी. त्या माणसाला फोटो काढायचा नव्हता. का नव्हता, हे समजायला कादंबरीकार असण्याची गरज नाही. या सगळ्यात अकरा दिवस गेले. अकराव्या दिवशी मी माझ्या जबाबदारीवर पैसे दिले. ते पहिल्याच दिवशी देता आले असते. ही माझी चूक आहे आणि ती मी आज इथे नोंदवून ठेवतो.

पैसे मोजून पंचाच्या टोकाला बांधताना त्याने मला हकिकत सांगितली. पहाटे तो मोहफुले वेचायला गेला होता. कुत्रे पुढे धावले, झुडपात भुंकले आणि शेपूट घालून मालकाकडेच परत पळत आले. मागोमाग अस्वल. ''सायेब,'' तो म्हणाला, ''कुत्र्यानंच आणलं त्याले माह्यावर. न कुत्र्यानंच सोडवलं मले.'' कारण मालक खाली पडल्यावर त्याच कुत्र्याने अस्वलाच्या मागच्या पायाला चावा घेतला होता.

पुढले त्याने सहज सांगितले. दुसऱ्या दिवशी गावातली तरणी पोरे लाठ्या आणि गावभरची कुत्री घेऊन जंगलात शिरली. अस्वल सापडले. पाठीवर पिलू होते. पोरांनी ते दुपारपर्यंत नाल्यानाल्याने पळवले, कुत्र्यांनी तोडले, शेवटी ते डोंगरात निसटले. आठवड्याने पलीकडल्या गावची एक बाई त्याच नाल्यात जखमी झाली. तेच अस्वल होते की दुसरे, कोणी पाहिले? पण जखमी, पिलवाली, कुत्र्यांचा वास नाकात बसलेली मादी माणसाला पाहून काय करील, याचा अंदाज करायला फार शहाणपण लागत नाही.

आपण शहरातली माणसे वाघाविषयी पुष्कळ वाचतो. अस्वल मात्र आपल्याला लहानपणी दारावर आलेल्या दरवेशामुळे ठाऊक. नाकात वेसण घातलेले, डमरूवर डोलणारे. ती प्रथा कायद्याने आणि संस्थांच्या प्रयत्नाने संपली. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वलांचे खेळ करायला मनाई केली आणि देशातले शेवटचे नाचते अस्वल २००९ साली सोडवले गेले. जंगलातले अस्वल मात्र तिथेच आहे : ताडोब्याच्या आसपास, गोंदिया-भंडाऱ्यात, गडचिरोलीत, मेळघाटात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत. रानाची भाषा मराठी वाचकाला ज्यांनी शिकवली, ते मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. त्यांची पुस्तके वाचलेल्या माणसाला एवढे तरी कळते, की जनावराचा राग हा बहुधा त्याच्या भीतीचा दुसरा चेहरा असतो.

अस्वलाची नजर अधू, कान बेताचे, नाक मात्र तल्लख. वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढताना ते स्वतःच इतका आवाज करते, की माणूस दहा पावलांवर आला तरी त्याला पत्ता नसतो. वाघाच्या शेजारात ते पिढ्यान्‌पिढ्या वाढले. घाबरले तर पळण्याऐवजी अंगावर जावे, हे त्या शेजाराने त्याला शिकवले. मोह रात्री आणि पहाटे गळतो. अस्वल त्याच वेळी त्याच झाडाखाली येते. माणूसही त्याच वेळी येतो, कारण उशीर केला तर फुले गुरे खातात नाहीतर दुसरा वेचून नेतो. अशा भेटीत मध्ये कुत्रे आले, की अंधारातली चुकामूक टळण्याची उरलीसुरली शक्यताही जाते.

आता कायद्याकडे वळू. एके काळी शिकार हा परवान्याचा मामला होता. साहेबांच्या राज्यात जंगलाचे गट पाडून ते शिकाऱ्यांना दिले जात, हाकारे घातले जात. ताडोब्यात १९३५ साली शिकार बंद झाली, १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. पण इतरत्र परवाने चालूच होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही आरंभी परवाना पद्धत ठेवली होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली. आज अस्वल या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे आणि ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते.

आणि शिकार म्हणजे काय? आपली समजूत अशी, की जनावर मेले तरच शिकार झाली. कायद्याची व्याख्या तशी नाही. मारणे तर त्यात आहेच. पण पकडणे, फासे लावणे, आमिष दाखवणे, हाकारा घालणे, कुत्री सोडून पाठलाग करणे, आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे शिकारच. म्हणजे नातवाच्या मोबाइलवरची ती शिट्टी मारणारी पोरे कायद्याच्या लेखी शिकारी होती. मौज इतकीच, की ते त्यांनाही ठाऊक नव्हते आणि ती चित्रफीत पुढे पाठवणाऱ्या हजारोंनाही नव्हते.

परदेशातही हा वाद जुना आहे. खांबाला बांधलेल्या अस्वलावर कुत्री सोडण्याचा खेळ इंग्लंडने १८३५ साली बंद केला. कोल्ह्यामागे कुत्री सोडणे बंद व्हायला मात्र २००४ चा कायदा यावा लागला, कारण अस्वलाचा खेळ गरिबांचा होता आणि कोल्ह्याचा श्रीमंतांचा! अमेरिकेत कोलोरॅडोने १९९२ साली, ओरेगनने १९९४ साली आणि वॉशिंग्टन राज्याने १९९६ साली जनमत घेऊन कुत्र्यांच्या साहाय्याने अस्वलाची शिकार करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियाने २०१२ साली तसा कायदा केला. उलट मेन राज्यातल्या मतदारांनी २०१४ साली अशी बंदी फेटाळली. तिथला वाद असा, की कुत्र्यांनी झाडावर चढवलेले अस्वल खालून टिपणे हा मर्दानी खेळ की भेकडपणा? आपल्याकडे प्रश्न खेळाचा नाही. आपल्याकडे तो भीतीचा, रागाचा आणि भाकरीचा आहे. म्हणून त्यांची उत्तरे जशीच्या तशी आपल्या उपयोगाची नाहीत.

कोणी म्हणेल, ''साहेब, नागपुरात कूलरपुढे बसून अस्वलाची कड घेणे सोपे आहे.'' खरे आहे. रात्रभर मचाणावर बसून रानडुकरे हाकलणाऱ्या शेतकऱ्याला कुत्र्याखेरीज दुसरा पहारेकरी नाही. डुक्कर आणि रोही यांचा उपद्रव इतका, की २०१५ साली राज्य सरकारला त्यांना मारण्यासाठी परवानगीची सोय करावी लागली. शिवाय कायद्याचा दांडका कोणावर पडतो, हेही पाहिले पाहिजे. पारध्यांसारख्या जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो शिक्का सरकारी कागदावरून १९५२ साली पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही. परवान्याने शेकडो जनावरे मारणाऱ्यांच्या तसबिरी दिवाणखान्यात लागल्या आणि सशामागे कुत्रे सोडणारा तेवढा आत गेला. हा हिशेब जुळत नाही, असे माझ्यातला बँकवालाही सांगतो.

म्हणून मी म्हणतो, की नियम हवाच. पण तो सर्वांना सारखा हवा, आणि पहिल्यांदा सरकारला हवा.

२०१८ आठवून पाहा. नागपूरहून हैदराबादच्या रस्त्यावर पांढरकवडा आहे. त्या भागात टी-१ ऊर्फ अवनी या वाघिणीशी तेरा माणसांच्या मृत्यूंचे नाव जोडले गेले होते. गावे भीतीने गोठली होती. ती भीती खोटी नव्हती. मुख्य वन्यजीव रक्षकाचा आदेश निघाला, प्रकरण न्यायालयात गेले, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात हस्तक्षेप नाकारला. मग शोध सुरू झाला. हत्ती आणले. त्यातल्या एकाने साखळी तोडली आणि एका महिलेचा जीव गेला. माग काढायला 'केन कोर्सो' जातीची परदेशी कुत्री आणली गेली; त्यांचा उपयोग झाला नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ वाघीण गोळी लागून मेली. पुढे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नियम मोडल्याचेच निघाले.

वाघीण मारायलाच नको होती, असे मी म्हणत नाही. तेरा घरांतल्या माणसांसमोर उभे राहून ते म्हणण्याचा अधिकार मला नाही. कायदाही तसे म्हणत नाही. जनावर माणसाच्या जिवावर उठले आणि त्याला पकडणे, बेशुद्ध करणे, दुसरीकडे हलवणे शक्यच नसेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक कारणे लिहून मारण्याची परवानगी देऊ शकतो. स्वतःचा जीव वाचवताना जनावर जखमी झाले तर तोही गुन्हा नाही. कायदा माणसाच्या विरुद्ध नाही. तो घाईच्या विरुद्ध आहे. आणि ज्या सरकारने घाईला आवर घालायचा, तेच घाईत कुत्री, हत्ती आणि बंदुका गोळा करू लागले, तर गावातल्या पोराला ''छू म्हणू नकोस'' असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

माझ्या मागण्या साध्या आहेत. पहिली, गावात अस्वल शिरले की जमणारी गर्दी हाच आज सर्वांत मोठा हाकारा आहे. वनखात्याचे पथक पोचेपर्यंत गर्दी मागे सारणे आणि कुत्री बांधून घेणे हे गावातल्याच कोणाचे तरी नेमून दिलेले काम असले पाहिजे. दुसरी, मोहाच्या हंगामात कुत्रे घरी राहू द्यावे, चार-पाच जणांनी मिळून, उजाडल्यावर, मोठ्याने बोलत जावे, हे होळीच्या आधी दवंडी देऊन सांगावे. झाडाखाली जाळी बांधली तर फुले मातीत पडत नाहीत आणि पहाटेची धावपळही कमी होते. जाळीला पैसा लागतो. पण २०२३ साली माणसाच्या मृत्यूची मदत २५ लाखांवर नेणाऱ्या सरकारला जाळी परवडू नये? तिसरी मागणी माझ्या जुन्या धंद्यातली आहे. ज्याचा चेहरा अस्वलाने नेला, त्याला पैशासाठी आपला चेहरा कोणालाही दाखवावा लागू नये. पैसे त्याच्या दारात गेले पाहिजेत.

नातवाला मी हे सारे सांगितले नाही. त्याला त्या माणसाची गोष्ट तेवढी सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, ''मग त्यांच्या कुत्र्याचं काय झालं?''

मी त्या माणसाला हेच विचारले होते. तो म्हणाला होता, ''हाये नं सायेब. पण आता मोह्याले जाताना त्याले बांधून जातो.''

लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या माणसाने एका वाक्यात जो नियम केला, तो करायला आपल्याला अजून सवड झालेली नाही.