शमीवरची शस्त्रे आणि पाच गावे

विजयादशमीच्या कीर्तनात शमीवरून शस्त्रे उतरविण्याची कथा लावली की श्रोते सरसावून बसतात. त्यापुढील उद्योगपर्व मात्र त्यांना लांबण वाटते. वस्तुतः शस्त्रे हाती आल्यानंतरच श्रीकृष्ण शिष्टाईस गेले, आणि मागणीही मोघम नव्हती. तेरा वर्षे घरादारास मुकलेल्या पांडवांसाठी निदान पाच गावे!

संयुक्त राष्ट्रांच्या गणनेप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून अधिक माणसे युद्धे व छळ यांमुळे विस्थापित होती. सैन्य धाडावे, निर्बंध लादावेत की बोलणी करावीत, हा वाद चालूच आहे. आम्हा खानदेशवासीयांना तो नवा नाही.

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा लढाया, पेंढाऱ्यांची धामधूम आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी येथील गावे ओस पडली होती. भिल्ल सातपुड्याच्या व सातमाळ्याच्या आश्रयास गेले होते. कॅप्टन ब्रिग्जने त्यांच्यावर पलटणी धाडल्या, डोंगरात जाणारे धान्य रोखले. आजच्या भाषेत निर्बंधच ते! काही नाईक हाती लागले, परंतु बंडे सात वर्षे थांबली नाहीत. उपाशी माणूस लुटीस निघतो, यात नवल कसले? इराकवरील १९९० च्या निर्बंधांनीही सद्दाम हुसेनची गादी हलली नाही. झळ लागली ती लेकरांना नि रोग्यांना.

१८२५ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनने धोरण पालटले. भिल्लांसाठी एजंट नेमले, कसण्यास जमीन व तगाई दिली. धरणगावी लेफ्टनंट आउट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. तो त्यांच्यांत वावरला, त्यांच्यासह शिकारीस गेला. दोन-तीन वर्षांत मुलूख बराच निवळला.

हे साहेबाचे गुणगान नव्हे. त्याला महसूल हवा होता, आणि पाठीशी तोफा होत्याच. दंडाचा धाक नसता तर साम फळला असता, असे म्हणण्याचे धाडस आमच्याने होत नाही; चालून येणाऱ्यास अडविण्यास शस्त्रच लागते. परंतु नुसत्या दंडाने आणि उपासमारीने जे साधले नाही, ते सामाला दानाची जोड मिळताच साधले. म्हणून वाटाघाटींची वार्ता आली की आम्ही प्रथम पाहतो, परतणाऱ्याच्या पदरी कोणते शेत, कोणते घर पडणार आहे?

आउट्रमच्या तडजोडीतही भिल्लांना चाकरी मिळाली, डोंगरावरील सत्ता मात्र साहेबाकडेच राहिली. सेंधव्याच्या घाटाची राखण केलेला खाज्या नाईक १८५७ मध्ये त्याच सरकारावर उठला, आणि एप्रिल १८५८ मध्ये आंबापाणीच्या रानात पुन्हा बंदुका वाजल्या.