बाजूच्या टेबलावरची विजेती

‘मग तिने असलं काम घेतलंच कशाला?’ बायकांच्या बाबतीत हा प्रश्न आपण किती पटकन विचारतो, नाही? हॅटी मॅकडॅनियल या अमेरिकन अभिनेत्रीला तो आयुष्यभर ऐकावा लागला. मला विचाराल, तर तो चुकीच्या व्यक्तीला विचारला गेला.

१९३९ सालचा ‘गॉन विथ द विंड’ तुमच्यापैकी काहीजणींनी टीव्हीवर पाहिला असेल. स्कार्लेटचा कॉर्सेट आवळताना तिला चार गोष्टी सुनावणारी, पार्टीला जाण्याआधी खाऊन जा म्हणून दटावणारी ती जाडजूड मॅमी आठवते? तीच हॅटी.

तिचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. हॅटी तेरा भावंडांत धाकटी. ती गायची, नाटकमंडळ्यांबरोबर हिंडायची. १९२९ च्या मंदीत काम गेलं, तेव्हा मिलवॉकीतल्या एका क्लबात बायकांच्या प्रसाधनगृहात मदतनीस म्हणून राहिली. तिथेच एक दिवस गायची संधी मिळाली. १९३१ मध्ये ती लॉस एंजेलिसला आली. सिनेमात काम नसेल तेव्हा लोकांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक. आणि सिनेमात काम मिळालं की पडद्यावरही तेच! काळ्या बाईसाठी दुसरी भूमिका लिहिलीच जात नव्हती.

‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ अटलांटात झाला. जॉर्जिया राज्यात वर्णभेदाचे कायदे, त्यामुळे हॅटीला तिथे जाता आलं नाही. २९ फेब्रुवारी १९४० ला तिला साहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती! पण त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने शब्द टाकला म्हणून तिला आत घेतलं, तेही भिंतीजवळच्या वेगळ्या टेबलावर. तिच्या सिनेमातली बाकीची मंडळी मात्र एकत्र बसली होती.

कौतुक झालं, तशी टीकाही झाली. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचे वॉल्टर व्हाइट अशा नोकर-मोलकरणींच्या भूमिकांवर तुटून पडले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. या सिनेमात गुलामगिरीचं चित्र गोडगुलाबी रंगवलंय, हे आज सगळेच मान्य करतात. पण त्या भूमिका हॅटीने थोड्याच लिहिल्या होत्या? आठवड्याला सात डॉलरवर खरी मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन पडद्यावरची मोलकरीण झालेलं बरं, अशा अर्थाचं उत्तर तिच्या नावावर सांगितलं जातं. मला यात लाचारी दिसत नाही. घर चालवणाऱ्या बाईचा हिशेब दिसतो.

आणि ती नुसती गप्प बसणारीही नव्हती बरं का! लॉस एंजेलिसच्या शुगर हिल भागात तिने घर घेतलं होतं. काळ्यांना इथे राहू देणार नाही, म्हणून काही गोऱ्या रहिवाशांनी दावा लावला. हॅटीने शेजाऱ्यांना एकत्र आणलं, लढा दिला आणि १९४५ मध्ये निकाल यांच्या बाजूने लागला. १९४७ पासून रेडिओवर ‘ब्यूला’ ही मुख्य भूमिका केली. मोलकरणीचीच, पण अडाणी ढंगाची मोडकी भाषा बोलणार नाही, या अटीवर.

१९५२ मध्ये कर्करोगाने ती गेली. हॉलिवूडच्या दफनभूमीत जागा मिळावी ही शेवटची इच्छा. तीही रंगामुळे नाकारली गेली. तिने हॉवर्ड विद्यापीठाला दिलेलं ऑस्कर पुढे हरवलं. २०२३ मध्ये अकादमीने त्याच्या जागी दुसरं दिलं. कृष्णवर्णीय अभिनेत्रीला पुढचं ऑस्कर मिळालं ते १९९१ मध्ये, व्हूपी गोल्डबर्गला. म्हणजे मध्ये चक्क ५१ वर्षं!

म्हणून म्हणते, मैत्रिणींनो, एखादीला ‘हेच काम का घेतलंस?’ विचारण्याआधी तिच्यापुढे आणखी कुठली कामं होती, ते बघावं. आणि जमलं तर तो सिनेमा पुन्हा पाहा. छोटी बॉनी गेल्यावर जिना चढता चढता मॅमी मेलनीला घरातलं दुःख सांगते, तो प्रसंग चुकवू नका. त्या वेळी नजर दुसऱ्या कुणाकडे जातच नाही.