चढाईपटूचा पहिला हंगाम किती खरा?

जबलपूरच्या राणीताल क्रीडासंकुलात मध्य प्रदेश शासनाची तिरंदाजी अकादमी आहे. कंपाउंड धनुष्य हाती घेणाऱ्या खेळाडूसमोर तेथे पन्नास मीटरवर लक्ष्य असते. ७२ बाण, प्रत्येक बाणाला अधिकाधिक दहा गुण, एकूण ७२०. शेजारी कोण उभे आहे, याने त्या आकड्यात फारसा फरक पडत नाही. वारा, प्रकाश आणि मनाची अवस्था सोडली, तर तो आकडा तिरंदाजाचा स्वतःचा असतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला संघाने कंपाउंड प्रकारात रौप्यपदक मिळवले. त्या संघातील मुस्कान किरार ही जबलपूरची. अशा खेळाडूचे भवितव्य जोखताना प्रशिक्षकाच्या हाती निदान एक स्वच्छ मापन तरी असते.

कबड्डीच्या मैदानावर हे भाग्य कोणाच्याही वाट्याला येत नाही. चढाईपटूने एका सामन्यात दहा गुण घेतले, या वाक्यात किमान आठ माणसे दडलेली असतात: तो स्वतः आणि समोरचे सात. समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतील तरच बोनस मिळतो. तीन किंवा त्यांहून कमी उरले, तर त्यांच्या यशस्वी पकडीला एक गुण जादा मिळतो, म्हणजेच ‘अव्वल पकड’ होते. लागोपाठच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ ठरते आणि ती कोणाच्या गळ्यात बांधायची हे कर्णधार ठरवतो. मिळालेले गुण म्हणजे चढाईपटूचा गुणधर्म नव्हे. ती एका आंतरक्रियेची फलनिष्पत्ती आहे. एका कणाचे वस्तुमान मोजणे आणि दोन कणांच्या टकरीतून काय बाहेर पडले ते मोजणे, यांत जेवढे अंतर, तेवढेच येथे आहे. तरीही प्रो कबड्डीच्या लिलावात या दोन गोष्टी सर्रास एकच मानल्या जातात आणि त्या समजुतीवर कोटींचे आकडे बोलले जातात.

सिद्धार्थ देसाईचे उदाहरण यासाठी सर्वांत बोलके आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील चंदगड तालुक्याचा हा तरुण २०१८ मध्ये, लीगच्या सहाव्या हंगामात, यू मुम्बाकडून पहिल्यांदा उतरला. अंगात रग अशी, की दोन बचावपटू लटकलेले असतानाही तो मध्यरेषेपर्यंत पोहोचे. प्रेक्षकांनी त्याला ‘बाहुबली’ म्हटले. पहिल्याच हंगामात त्याचे चढाईतील गुण २१८ झाले. एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाख रुपयांना घेतले आणि तो त्या लिलावातील सर्वांत महागडा खेळाडू ठरला. तेव्हा अनेकांनी मान डोलावून सांगितले की पहिल्या वर्षाची जादू दुसऱ्या वर्षी टिकत नसते. टिकली. सातव्या हंगामात त्याचे चढाईतील गुण २१७ होते.

अंदाज इतका अचूक यावा, असे क्वचितच घडते. पण त्यानंतरच्या आठव्या हंगामात दुखापतीने त्याला अवघ्या काही सामन्यांतच बाहेर काढले आणि पुढे पुनरागमन झाले तरी तो जुना उंचावलेला आलेख परत दिसला नाही. म्हणजे मूल्यमापन करणाऱ्यांचे कौशल्याविषयीचे भाकीत बरोबर होते. शरीराविषयीचे भाकीत त्यांनी केलेच नव्हते.

वास्तविक हे भाकीत शाळेतील बलशास्त्रानेही सुरू करता येते. समजा ८० किलो वजनाचा चढाईपटू सेकंदाला चार मीटर वेगाने परतत आहे आणि कोपरारक्षकाने त्याचा घोटा धरून त्याला ०.३ सेकंदात थांबवले. संवेगातील बदल ३२० एकक, सरासरी बल सुमारे ११०० न्यूटन; म्हणजे एका क्विंटलहून अधिक वजन, तेही एका घोट्यावर किंवा गुडघ्यावर, तिरक्या दिशेने. हा हिशेब ढोबळ आहे, पण एका सामन्यात वीस चढाया करणाऱ्याच्या बाबतीत तो वीस वेळा मांडावा लागतो. निसटून जाणारा चपळ चढाईपटू यातील बरेच धक्के चुकवतो. ताकदीने ओढून नेणारा चढाईपटू मात्र ते स्वतःहून पत्करतो, कारण त्याचे गुणच त्या धक्क्यांतून येतात. तेव्हा दोघांच्या नावापुढे २१८ हा एकच आकडा असला, तरी त्या आकड्याची शरीराने मोजलेली किंमत सारखी नसते. लिलावाच्या पटलावर ही किंमत दाखवणारा रकाना नसतो.

चपळांनाही अभय नाही, हे खरे. सहाव्या हंगामात २७१ चढाई-गुणांसह अग्रस्थानी राहिलेला पवन सेहरावत २०२२ मध्ये २ कोटी २६ लाखांना तमिळ थलायवाजकडे गेला आणि पहिल्याच सामन्यात गुडघ्याला दुखापत होऊन संपूर्ण हंगामाला मुकला. पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतले. तो हंगाम संपला तेव्हा हा संघ गुणतक्त्यात तळाला होता. पवनच्या कारकिर्दीचा आरंभ त्याहून उद्बोधक आहे. तिसऱ्या हंगामात त्याने बंगळुरू बुल्सकडून पदार्पण केले. पाचव्या हंगामात गुजरातकडे असताना त्याच्या वाट्याला संधी आणि गुण दोन्ही मोजकेच आले. त्या वर्षीचा तक्ता पाहून कोणी त्याला मोडीत काढले असते, तर तक्त्याच्या आधारे ते चूक ठरले नसते. एका वर्षाने, ५ जानेवारी २०१९ रोजी, त्याच गुजरातविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने एकट्याने २२ गुण घेतले.

येथे संख्याशास्त्राची गाठ पडते. समजा एखाद्या चढाईपटूची खरी क्षमता अशी आहे की शंभरपैकी ४५ चढाया यशस्वी व्हाव्यात. एका सामन्यातील वीस चढायांत सरासरी नऊ यशस्वी होतील, पण निव्वळ योगायोगाने त्या कधी सात तर कधी अकरा होतील आणि त्यात नवल काहीच नाही. पाच सामन्यांच्या शंभर चढायांनंतरही ४५ च्या आसपास पाचाची अनिश्चितता शिल्लक राहते. म्हणजे ४५ टक्क्यांचा आणि ५० टक्क्यांचा चढाईपटू पाच सामन्यांत वेगळे ओळखता येत नाहीत. संपूर्ण हंगामाच्या चारशे चढायांनंतर ही अनिश्चितता अडीच टक्क्यांवर येते; तेव्हा कुठे फरक धूसरपणे दिसू लागतो. आणि दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञ तर तिसऱ्या सामन्यानंतरच ‘नवा तारा’ जाहीर करून मोकळे झालेले असतात.

निरीक्षकाची नजर पारखी असली की ही मर्यादा ओलांडता येते, असे पुष्कळांना वाटते. सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये, वयाच्या पंचविशीत, कोलकात्यात असताना सिद्ध केलेला परिणाम या आत्मविश्वासाला आळा घालतो. क्रामेर–राव सीमा या नावाने तो आज जगभर शिकवला जातो. दिलेल्या निरीक्षणांतून कोणत्याही बाजूला न कलणारा अंदाज काढायचा असेल, तर त्याची अनिश्चितता एका ठरावीक मर्यादेखाली जाऊच शकत नाही; मग अंदाज काढणारा कितीही हुशार असो. शंभर चढायांच्या यशापयशाच्या नोंदीत जेवढी माहिती आहे, तेवढीच आहे. अधिक हवी असेल तर वेगळ्या प्रकारची निरीक्षणे गोळा करावी लागतात: चढाईच्या वेळी समोर किती बचावपटू होते, पहिला स्पर्श रेषेपासून किती आत झाला, परतताना दिशा किती वेळा बदलली.

अथवा अंदाज जाणूनबुजून एका बाजूला कलवावा लागतो. चार्ल्स स्टाइन यांच्या १९५६ मधील निष्कर्षाने गणितज्ञांना चक्रावून टाकले होते: तीन किंवा अधिक राशींचे अंदाज एकत्र काढायचे असतील, तर प्रत्येकाचा अंदाज सामाईक सरासरीकडे थोडा ओढून घेतल्यास एकूण चूक कमी होते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस यांनी पुढे हे अमेरिकी बेसबॉलवर करून दाखवले. १९७० च्या हंगामातील अठरा फलंदाजांच्या पहिल्या पंचेचाळीस संधी घेतल्या आणि त्यांवरून उर्वरित हंगामाचे भाकीत केले. सरासरीकडे ओढलेले अंदाज साध्या अंदाजांपेक्षा एकूण साडेतीन पट सरस ठरले. मात्र यादीत अग्रभागी असलेल्या रॉबर्टो क्लेमेंटेवर या पद्धतीने अन्याय केला. पंचेचाळीसपैकी अठरा, म्हणजे ०.४०० या त्याच्या कामगिरीला तिने सुमारे ०.२९ पर्यंत खाली आणले; प्रत्यक्षात उर्वरित हंगामात तो ०.३४६ वर राहिला.

नवोदित खेळाडूचा सगळा प्रश्न या एका ओळीत आहे. संघमालक एकाच वेळी वीस-पंचवीस खेळाडू घेतो. त्याची एकूण चूक कमी झाली की त्याचे भागते. खेळाडू मात्र स्वतःपुरता एकटाच असतो. सरासरीत त्याचे काय झाले, याचा दिलासा त्याला मिळू शकत नाही. क्लेमेंटे हा काही नवखा नव्हता. फलंदाजीची चार अजिंक्यपदे त्याच्या नावावर आधीच होती आणि तो इतिहास ठाऊक असलेल्या कोणीही त्याला चारचौघांच्या सरासरीकडे ओढले नसते. नवोदिताकडे नेमका हा इतिहासच नसतो. किंबहुना तो असतो, पण कोणी नोंदवून ठेवलेला नसतो. तालुक्याच्या स्पर्धा, राज्य निवड चाचणी, मॅटवर नव्हे तर मातीवर खेळलेले शेकडो सामने, हे सारे घडून जाते आणि मागे उरतात ते चषक, हार आणि स्थानिक दैनिकातील चार ओळी.

अमेरिकी फुटबॉलमध्ये चढाईपटूचा जवळचा नातेवाईक म्हणजे रनिंग बॅक: चेंडू छातीशी धरून समोरच्या भिंतीत घुसणारा, सर्वाधिक आघात सोसणारा आणि म्हणून लवकर संपणारा. तेथे नवख्यांची परीक्षा घेण्यावर अमाप पैसा खर्च होतो. चाळीस यार्डांची धाव शंभरांश सेकंदापर्यंत मोजली जाते. तरीही २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकाला निवडलेला ट्रेंट रिचर्डसन तीन हंगामांत लीगबाहेर गेला आणि १९९५ मध्ये १९५ जणांनंतर निवडलेल्या टेरेल डेव्हिसने १९९८ च्या हंगामात २००८ यार्ड धाव घेतली. धावलेले यार्ड बऱ्याच अंशी वाट मोकळी करून देणाऱ्या सहकाऱ्यांचे असतात, हे तेथील लोकांना कळायला वेळ लागला. आता प्रत्येक खेळाडूच्या खांद्याच्या कवचात स्थान टिपणारी चकती असते. २०१९ मध्ये त्या नोंदी खुल्या करून ‘चेंडू हाती आला त्या क्षणापासून किती यार्ड अपेक्षित होते’ याचे भाकीत करण्याची स्पर्धा ठेवली गेली. ती जिंकली ऑस्ट्रियातील दोन विदा-वैज्ञानिकांनी, आणि त्यांच्या प्रतिमानाचा गाभा होता खेळाडूंमधील सापेक्ष अंतर व सापेक्ष वेग. गॅलिलिओला त्यात अनोळखी असे काही वाटले नसते. अपेक्षित यार्ड कळले की त्याहून किती अधिक मिळवले, ते त्या खेळाडूचे.

कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर, चढाई तीस सेकंदांची, खेळाडू आठ. असे प्रतिमान बांधायला याहून आटोपशीर खेळ शोधूनही सापडणार नाही. सामन्यांचे चित्रीकरण तर होतेच. पण प्रेक्षकाच्या हाती पडते ती बेरीज: इतके चढाई-गुण, इतक्या पकडी, इतके ‘सुपर टेन’. या बेरजेत काय निसटते, ते अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदारने दाखवून दिले. मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने दहाव्या हंगामाचे विजेतेपद मिळवले आणि हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मानही त्याला मिळाला. चढाई-गुणांच्या यादीत मात्र तो पहिला नव्हता. चढाईबरोबर पकड करणारा, सहकाऱ्याला चढाई सोडून देणारा कर्णधार एका रकान्यात मावत नाही.

मध्य प्रदेशाचा संघ लीगमध्ये नाही. महाकोशलातील एखाद्या मुलाला खेळायचे, तर पाटणा, जयपूर किंवा पुण्याच्या निवड चाचणीत चार-दोन दिवसांत स्वतःला सिद्ध करावे लागते. महाराष्ट्रातील मुलालाही याहून फार वेगळे नशीब नाही. आजवर कबड्डीपटूचा खरा आधार पोलीस, रेल्वे किंवा बँकेतील खेळाडू-कोट्याची नोकरी हा होता. लिलावाच्या आकड्यांनी त्या हिशेबात गोंधळ माजवला आहे: विसाव्या वर्षी पदवी अर्धवट सोडायची की नाही, हा निर्णय आता पाच सामन्यांच्या गुणांवर घेतला जातो. म्हणून राष्ट्रीय आणि राज्य स्पर्धांतील प्रत्येक चढाईची नोंद खुली करणे ही क्रीडा संघटनांची आणि लीगची जबाबदारी मानली पाहिजे. तिला फारसा खर्च नाही. राणीतालला बाणागणिक गुण लिहिले जातात, तसे चढाईगणिक लिहावे लागतील एवढेच. अशा नोंदींतून क्षमतेचा विद्यार्थ्यांनी काढलेला अंदाजही दलालाच्या अंदाजापेक्षा बरा निघेल.

तोवर निदान हिशेब तरी प्रामाणिक असावा. समजा एका नवोदिताने शंभर चढायांत पन्नास यशस्वी केल्या, लीगची सरासरी ४२ टक्के आहे आणि खेळाडू-खेळाडूंतील खरा फरक साधारण पाच टक्क्यांचा आहे. त्याच्या स्वतःच्या आकड्यातही पाचाचीच अनिश्चितता असल्याने दोन्ही बाजूंना सारखे वजन द्यावे लागते आणि उत्तर मधोमध पडते: ४६ टक्के, अधिक-उणे साडेतीन. संघमालकाकडे हे गणित करायला माणसे असतात. त्या मुलाच्या प्रशिक्षकाने ते कागदावर मांडून, करारावर सही होण्यापूर्वी, त्याच्या आईवडिलांसमोर ठेवावे. आणि गुडघ्याच्या विम्याचे कलम करारात आहे का, तेही त्याच बैठकीत वाचून घ्यावे.