जुना ट्रक, लहान प्रवासी
अमेरिकेत १९६०च्या दशकातले फोर्ड एफ-१०० आणि शेव्हरलेट सी-१० हे पिकअप ट्रक आजही जिवापाड जपले जातात, आणि नातवंडांना त्यातून फिरवण्याची हौसही तितकीच दांडगी असते. हौस मोलाची आहे. पण त्या केबिनमध्ये एकच सलग बाक, पट्टे नसतातच किंवा फक्त कमरेचे, आणि अनेकदा पेट्रोलची टाकी बाकाच्या मागे, केबिनमध्येच. धडकेच्या क्षणी मांडीवरचे मूल कोणाच्याही हातांना धरून ठेवता येत नाही. म्हणून आधी पट्टे बसवून घ्यावेत, तेही बाकाला नव्हे, तर खालून पोलादी पट्टी देऊन केबिनच्या तळाला. पुढे दुमडणाऱ्या पाठीला खटका हवा. हार्नेस असलेली बहुतेक बालआसने कमरेच्या पट्ट्याने बसवता येतात; बूस्टरला मात्र खांद्याचा पट्टा लागतोच. आसनाचा वरचा पट्टा मागे अडकवण्याची सोय तिथल्या ट्रकमध्ये २००० साली सक्तीची झाली. जुन्या ट्रकमध्ये ती जाणकाराकडूनच करून घ्यावी. हे सारे जमत नसेल, तर ट्रक प्रदर्शनाला खुशाल न्या, पण मुलाला दुसऱ्या, सुरक्षित गाडीतून आणा.