पहिले सहा दिवस

पाच दिवसांच्या रजेत लडाखचा ट्रेक होत नाही. होतो असं सांगणाऱ्याचं एकतर दुकान असतं, नाहीतर तो नशिबाने धडधाकट परत आलेला असतो. शब्द कडक वाटतील, पण दर उन्हाळ्यात गावाकडून, पुण्याहून, डोंबिवलीहून तोच बेत माझ्या फोनवर येतो आणि प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्याचा मला कंटाळा आलाय. एकदाच लिहून टाकतो.

बेत असा असतो. शुक्रवारी रात्री मुंबई-दिल्ली, शनिवारी पहाटेच्या विमानाने लेह. सामान टाकून बाजार, संध्याकाळी शांती स्तूप. रविवारी खारदुंग ला 'करून' यायचं. सोमवार-मंगळवार ट्रेक, बुधवारी परत, गुरुवारी ऑफिस. आणि खाली एक ओळ: आम्ही फिट आहोत, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय.

नळीची वाट सोपी नाही, मान्य. पण महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आपलं कळसूबाई, 1,646 मीटर. लेहचा बाजार साधारण 3,500 मीटरवर आहे. म्हणजे एकावर एक दोन कळसूबाई रचा, त्यावर आणखी थोडं चढा, तिथे तो बाजार येतो. त्या हवेत समुद्रकाठच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश ऑक्सिजन. खारदुंग लाला तो निम्म्यावर येतो. मांड्यांची ताकद आणि मॅरेथॉनची मेडलं इथे कामाला येत नाहीत. शरीर श्वासाचं आणि रक्ताचं गणित नव्याने बसवतं आणि त्याला दिवस लागतात. फिट माणसाची अडचण तर वेगळीच. त्याला पहिल्या दिवशी बरं वाटतं, म्हणून तो सुसाट सुटतो.

फौजेत यावर चर्चा नसते. 2,700 ते 3,600 मीटरच्या टप्प्यात सहा दिवस. पहिले दोन दिवस आराम, युनिट लाइनमध्येच थोडी ये-जा, चढ अजिबात नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दीड ते तीन किलोमीटर, तेही रमतगमत. पाचव्या-सहाव्या दिवशी पाच किलोमीटरपर्यंत चाल आणि फार तर 300 मीटर चढ. पुढे 4,500 मीटरपर्यंत आणखी चार दिवस, त्याच्या वर पुन्हा चार. हा हिशोब विशीतल्या, रोज पीटी करणाऱ्या जवानांसाठी आहे. महिनाभराची रजा भोगून परत आलेला गडीही सुटत नाही, मग तो कितीही जुना खिलाडी असो. ट्रान्झिट कॅम्पात पत्ते कुटून वैतागलेले आपले माजी सैनिक हे वाचून हसतील. पण वैतागले ते सगळे घरी आले.

हा नियम कुणा बाबूने टेबलावर बसून काढलेला नाही. 1962 च्या आसपास मैदानातल्या पलटणी घाईघाईने उंचावर नेल्या गेल्या आणि शत्रूची गोळी न लागताही जवान आजारी पडले, गेले. फुप्फुसात पाणी भरायचं. फौजेत त्याला आपण हापो म्हणतो. मेंदूला सूज आली की हाको. आपल्याच डॉक्टरांनी त्यावर काम केलं. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी 1,925 जवानांवरचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध केला आणि जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. ज्या ज्ञानासाठी आपल्या माणसांनी जीव दिले, ते जोडून आलेल्या सुट्टीत बसत नाही म्हणून तुम्ही बाजूला सारता, याचा मला राग येतो.

"एवढे लोक जातात, कुणाला काही होत नाही." होतं. बहुतेकांचं डोकेदुखी आणि उलटीवर भागतं, ते फोटोत दिसत नाही. कुणाचं तेवढ्यावर भागणार नाही, हे आधी ओळखायची खात्रीची चाचणी नाही. आणि झालं की तुम्हाला खाली आणायला स्ट्रेचर कोण उचलतं? गावातला घोडेवाला, जवळच्या पोस्टवरची पोरं, कधी हेलिकॉप्टरचा पायलट. तुमच्या वाचवलेल्या दोन दिवसांची किंमत ते मोजतात.

कापराची पुडी हुंगून ऑक्सिजन वाढत नाही. छोटा ऑक्सिजनचा डबा काही मिनिटांत संपतो. डायमॉक्सने मदत होते, पण ती डॉक्टरांना विचारून, आणि ती घेतली म्हणून दिवस कापायची परवानगी मिळत नाही. पहिल्या रात्रीची 'थंडीवरची' रम तर कृपा करून राहू द्या. हे मी काही निवृत्त सुभेदारांनाही सांगतोय.

पाचच दिवस असतील तर डोंगर बदला. मसुरीजवळचा नागटिब्बा आहे, धर्मशाळेवरचा त्रिउंड आहे, दोन्ही 3,000 मीटरच्या आसपास. बर्फाची शिखरं समोर दिसतात आणि रात्री झोप लागते. लडाखच हवं असेल तर दहा-अकरा दिवस काढा. रस्ता उघडा असेल तेव्हा श्रीनगरकडून या. कारगिल 2,700 मीटरच्या आत-बाहेर आहे, तिथे मुक्काम होतो. मनालीकडून आलात तर सर्चूला थेट 4,000 च्या वर झोपावं लागतं. लेहमध्ये दिवस काढून मग शाम खोऱ्यात लिकीर ते तेमिसगाम चाला. गावागावांत घरी राहायची सोय होते, खिंडी फार उंच नाहीत. त्याहून वर जाणार असाल तर 3,000 मीटरनंतर झोपायची जागा रोज 500 मीटरपेक्षा जास्त चढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा.

बसल्या जागी धाप लागली, सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर सकाळची वाट न बघता त्याला खाली न्या. एकट्याला पाठवू नका. आणि बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या.