डोकं दुखत नाही, तं गोळी कायले?

"डोकं दुखत नाही, तं गोळी कायले खायची?" हे वाक्य आमच्या हिंगणीत घरोघरी ऐकू येतं. आमच्या घरात ते सासूबाईंचं होतं. बीपीच्या गोळ्या ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत संपल्या. आणायला सेलूला जायचं, तर एका दिवसाची मजुरी बुडते. आणि तब्येत तर ठणठणीत! मीही म्हटलं, पुढच्या बाजाराला आणू. दोन बाजार असेच गेले.

मग एका पहाटे चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून सुटला. तोंड एका बाजूला ओघळलं, बोलणं बोबडं झालं. शेजारच्या काकू धावत आल्या, "वारं गेलं बाई!" मग तेल गरम झालं, मालिश झाली. कुणी म्हणालं, कबुतराचं रक्त चोळा. कुणी एका गावचं औषध सांगितलं, तीन खुराकांत माणूस चालतो म्हणे. जीप करून आम्ही तिकडे गेलो! दवाखान्यात पोहोचलो ते दुसऱ्या दिवशी दुपारी. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "किती वाजता झालं?" मी म्हटलं, "काल पहाटे." ते काही क्षण गप्पच राहिले.

ते गप्प का झाले, ते मला नंतर कळलं. लकवा हा अंगाचा नाही, मेंदूचा आजार. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गाठीनं बंद पडते, नाहीतर फुटते. गाठ असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन आहे, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देतात, तेही सीटी स्कॅन करून, कारण रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घातक. म्हणूनच घरी मनानं कसलीही गोळी द्यायची नाही. पाणीसुद्धा नाही, गिळता येत नसेल तर ठसका लागून श्वासनलिकेत जातं. सेवाग्राम, सावंगीची मोठी रुग्णालयं आपल्याच जिल्ह्यात, लांबलांबून लोक तिथं येतात. आणि आम्ही उलट दिशेला गेलो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं २०११ ते २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतले मृत्यू तपासले. दर सात मृत्यूंमागे साधारण एक लकव्याचा निघाला. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण तेच! आणि त्यातली बहुतेक माणसं घरीच गेली होती. मला तर वाटायचं, हा शहरातल्या बसून खाणाऱ्यांचा रोग.

मैत्रिणींनो, आपल्याला काहीच माहीत नसतं असं मला वाटत नाही. बीपी वाढलं की लकवा मारतो, हे पारावरचा म्हातारासुद्धा सांगेल. पण एकदा गोळी सुरू केली की जन्मभर चिकटते, ही भीती. वाढलेलं बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून ते नाहीच, ही समजूत. आणि घरातल्या बाईची गोळी म्हणजे किराण्याच्या यादीतली शेवटची वस्तू! पुरुषाचा खर्रा मात्र दिवसातून चारदा येतो. (आपणही काही कमी नाही. दाताला नस लावतो, आणि जेवताना लोणचं-पापड हवंच.) आशाताई बीपी मोजायला या म्हणते, तर आपलं उत्तर, "उद्या येते." डॉक्टरांनाही माझं सांगणं आहे, चिठ्ठी लिहिताना ही गोळी कशासाठी आणि ती थांबवली तर काय होईल, एवढं आमच्या भाषेत सांगा. आम्हाला ते कळतं.

गेल्या दिवाळीत त्याच शेजारच्या काकू अनारसे तळता तळता अचानक गप्प झाल्या. जीभच वळेना. दहा मिनिटांत सगळं ठीक! "गेलं ना आता, जाऊ दे," म्हणाल्या. मी हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले, नातवाचं नाव विचारलं. सगळं बरोबर. तरी १०८ ला फोन केला. असं येऊन जाणारं दुखणं मोठ्या झटक्याची आगाऊ सूचना असू शकतं, हे सासूबाईंच्या वेळी डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तपासलं तर बीपी खूप वाढलेलं. आता त्यांची गोळी चहाच्या डब्याशेजारी असते. सासूबाई डाव्या हातानं काठी टेकत रोज सकाळी त्यांच्या दारात जातात आणि अडखळत विचारतात, "घेतली का?"

काकू माझ्यावर अजून थोड्या रागावलेल्याच आहेत. अनारशाचं सगळं पीठ वाया गेलं म्हणतात.